जोडीचं पान

तिच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिच्या अंगठ्याच्या नखामुळे. शाळेत पाचवीच्या मुलांनी दगडांचं प्रदर्शन मांडलं होतं. पालक येत होते, आपल्या लेकराचा दगड कोणता ते विचारत होते, ‘वा, वा’ म्हणून पुढच्या टेबलाकडे सरकत होते. एक बाई मात्र अभ्रकाच्या तुकड्यापाशी थांबली. तिनं इकडेतिकडे पाहिलं, तुकडा उचलला, त्याच्या कडेत नख सरकवलं आणि हलकेच फुंकर मारली. एकाचे दोन झाले. पुन्हा नख, पुन्हा फुंकर. शेवटी तिच्या तळहातावर जे पान उरलं, ते इतकं पातळ होतं की त्याच्याखालच्या हातावरच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. वर्गशिक्षिका रागवायला म्हणून पुढे झाल्या आणि ते पान बघून रागवायचं विसरल्या.

“हे कुठं शिकलात हो?”

“नोकरी होती ती माझी,” ती म्हणाली. “तुमचा हा दगड मात्र कामाचा नाही. ठिपके असणार यात.”

“मला तर काही दिसत नाहीत.”

“आम्लात घातला की दिसतील.”

“आणि आता काय करता?”

“आता काचा धुते.” हे शब्द तिनं असे उच्चारले, की कुणाची तरी मान हातात सापडल्यासारखी तिच्या दुसऱ्या हाताची मूठ आवळली. पान मोडलं नाही. तेवढं भान तिला रागातही होतं.

तिला सगळे घारबाई म्हणत. हे नाव तिला प्रयोगशाळेत मिळालं होतं, आणि देणारे डॉक्टर होते. डॉक्टर म्हणजे नाडी बघणारे नव्हेत, पदवीचे. युरेनियमसारख्या जड अणूचा गाभा फुटतो तेव्हा नेमका कसा फुटतो, हे शोधणं त्यांचं काम. बहुतेक वेळा त्याचे दोन तुकडे होतात, एक मोठा आणि एक लहान. घारबाईनं पहिल्या वर्षी हे घरी सांगितलं तेव्हा तिची नणंद शिलाई मशीन थांबवून म्हणाली होती, “म्हणजे भावाभावांची वाटणी. बरोबर निम्मं कधी होतच नाही.”

ही नणंद, म्हणजे तिच्या वन्सं, नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, भावाचं घर सोडलं नाही, आणि तोंड कधी बंद ठेवलं नाही. घारबाईचा नवरा बस डेपोत फिटर. तो मितभाषी, कारण घरात बोलायची पाळी त्याच्यापर्यंत येतच नसे.

काम असं होतं. अभ्रकाच्या स्वच्छ पानावर युरेनियमचा अगदी पुसट थर चढवायचा आणि ते पान अणुभट्टीत पाठवायचं. तिथे एखादा गाभा फुटला, की त्याचा एक तुकडा वरच्या वर उडून जातो, दुसरा पानात घुसतो. घुसताना तो दगडाला जी इजा करतो ती डोळ्यांना दिसत नाही. मग पान काच खाणाऱ्या आम्लात वीस मिनिटं बुडवायचं. आम्ल त्या इजेच्या वाटेनं आत शिरतं, वाट रुंद करतं, आणि मायक्रोस्कोपखाली एक बारीक रेघ उमटते. एक गाभा, एक रेघ. पण कधी एकाच ठिपक्यातून दोन रेघा निघालेल्या दिसल्या, तर त्याचा अर्थ असा, की दोन तुकडे पानात आले आणि तिसरा वर गेला. गाभा तिघांत फुटला. अशा जोडरेघेला घारबाई ‘बेचकी’ म्हणे. डॉक्टरांना बेचक्या हव्या होत्या. तिघांत वाटणी क्वचित होते हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. लोक समजतात त्याहून ती बरीच जास्त वेळा होते, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं, आणि त्यावर त्यांचं नाव होणार होतं.

प्रत्येक पान दोघींनी मोजायचं, एकमेकींना न सांगता. दुसरी मोजणारी वयानं लहान, दिवसभर चिवचिवणारी, म्हणून तिचं नाव चिमणी. घार आणि चिमणी एका खोलीत सहा वर्षं बसल्या आणि दोघींच्या आकड्यांत शंभरात दोन-तीनांपेक्षा जास्त फरक कधी पडला नाही. डॉक्टर पाहुण्यांना खोली दाखवताना मोठ्या तोऱ्यात म्हणायचे, “या आमच्या घारबाई. यांच्या नजरेतून मुंगीचा पायही सुटत नाही.”

सहा वर्षांत अकरा लाख रेघा झाल्या. बेचक्या किती? तीन. आणि त्या तिन्हींपुढे घारबाईनं स्वतःच्या हातानं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

“बाई, नीट बघा,” डॉक्टर म्हणत.

“नीटच बघते.”

“असायला हव्यात त्या.”

“हव्यात म्हणून कुठून आणू? असत्या तर दिसल्या असत्या.”

हे उत्तर तिला महागात पडलं. वर्षाच्या सभेत संचालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, की इतक्या वर्षांत तीनच कशा? डॉक्टरांनी चष्मा पुसला, एकवार तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “खरं सांगायचं तर मोजणाऱ्या बाईंची नजर आता अधू झाली आहे. मी भिडेखातर बोललो नव्हतो.”

सभेत साठ माणसं होती. साठही माना तिच्याकडे वळल्या. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, “घारीला मोतीबिंदू!” आणि एक हसू खुर्च्यांच्या रांगांतून सरकत पुढे आलं. ती हसणारी तोंडं तिनं एकेक करून मोजली. एकोणीस होती.

आठवड्याभरात कागद आला. दृष्टिदोषामुळे मोजणीच्या कामावरून कमी करून काचसामान विभागात. ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला सांगितली. तिनं ती वाचली आणि त्याखाली छापलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. दाखला घेऊन ती कचेरीत गेली, तर कारकून म्हणाला, “फाइल बंद झाली, बाई.”

घरी वन्संनी स्वतःची परीक्षा घेतली. सगळ्यात बारीक सुई, काळा दोरा, दिवा न लावता. घारबाईनं तो पहिल्या खेपेला ओवला.

“मग रडतेस कशाला?” वन्सं म्हणाल्या.

“रडत नाहीये.”

“नाही ना? मग काय करतेयस?”

“विचार करतेय,” घारबाई म्हणाली, “त्याला कुठं धरायचं त्याचा.”

वन्संनी सुई तिच्या हातून घेतली आणि उशीत टोचली. “शाब्बास. पण घाईनं टाका घातला तर उसवतो हो.”

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती डॉक्टरांना माहीत नव्हती. म्हणजे एकदा सांगितली होती, पण त्यांच्या कानात शिरली नव्हती. अभ्रक हा जमिनीतून खणून काढलेला दगड. त्याच्या पोटात कुठेकुठे युरेनियमचे कण आपले आपण अडकलेले असतात, आणि ते कोट्यवधी वर्षं तिथल्या तिथे अधूनमधून फुटत असतात. एका कणात कितीतरी गाभे, म्हणून एकाच ठिपक्यातून निघालेल्या दोन-दोन, चार-चार रेघा. पान आम्लात घातलं की या जुन्या रेघाही नव्यांसारख्याच उमटतात. अणुभट्टीत न गेलेल्या पानावरही बेचक्या दिसतात.

घारबाईला हे पहिल्याच वर्षी एका कोऱ्या पानावर दिसलं होतं. ती सांगायला गेली तेव्हा डॉक्टर फोनवर होते. त्यांनी फोनवर हात ठेवून “तुमचं तुम्ही बघा, बाई” म्हटलं आणि हात काढला. तिनं तिचं तिनं पाहिलं. दर शनिवारी ती पुढच्या आठवड्याची कोरी पानं सहा तास आम्लात ठेवी. जुन्या रेघा त्यात फुगून तांदळाच्या दाण्यांसारख्या जाड होत. मग ते पान भट्टीत जाऊन आलं आणि पुन्हा वीस मिनिटं आम्लात पडलं, की नव्या रेघा केसासारख्या बारीक उमटत. जाड ती जुनी, बारीक ती नवी. घोटाळ्याला जागाच नाही. चिमणीची शनिवारी सुट्टी असे. तिला आणि डॉक्टरांना वाटे, घारबाई शनिवारी खोली आवरते. पानावरचे जाड दाणे म्हणजे दगडाचेच डाग, असं चिमणी धरून चाले. काम कसं करायचं याची वही डॉक्टरांनी लिहिली होती आणि तिची पहिली ओळ सोमवारपासून सुरू होत होती.

काचसामान विभागात गेल्यानंतर तिसऱ्या सोमवारी धुतलेल्या बशा ठेवायला ती जुन्या खोलीत गेली. तिच्या खुर्चीत चिमणी बसली होती. ती अर्धवट उठली.

“ताई, मी काय करू? मला बसायला सांगितलं...”

“बैस गं. खुर्ची काय माझ्या माहेरची आहे?”

तेवढ्यात तिची नजर टेबलावरच्या पानाकडे गेली. ते भट्टीत जायला निघालं होतं. तिच्या हातचं पान शनिवारच्या आम्लानं किंचित धुरकट झालेलं असे. हे लख्ख होतं, आरशासारखं.

तिच्या ओठांवर वाक्य आलं होतं. तिनं ते गिळलं. बशा ठेवल्या आणि दार ओढून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं त्याच दगडाचा टाकाऊ कोपरा उचलला, हातमोजे चढवले आणि प्लॅस्टिकच्या वाटीत तो आम्लात सोडला. वीस मिनिटांनी धुऊन तिनं तो तिच्या विभागातल्या मोडक्या मायक्रोस्कोपखाली धरला. एक बेचकी. थोडं पलीकडे दुसरी. कडेला एक तर चांगली पंचशाखी. हा दगड ठिपक्यांनी भरलेला होता. तिनं वाटी विसळली, डबा उघडला आणि कित्येक दिवसांनी चवीनं जेवली.

त्या दिवसापासून ती वाट बघू लागली. डॉक्टरांच्या बेचक्या महिन्याला चाळीस-पन्नास निघू लागल्या. चिमणी मोजी, दुसरी मोजणी डॉक्टर जातीनं करत. व्हरांड्यात पेढा मिळाल्यासारखे चेहरे दिसू लागले. लोक घारबाईला बघून आवाज खाली आणत, आणि तो तिला ऐकू येईल इतकाच खाली आणत: “बघा, बाई बदलल्या आणि दिसायला लागल्या. सहा वर्षं फुकट घालवली हिनं.” प्रत्येक बेचकी तिच्या डोळ्यांविरुद्धचा पुरावा होती. प्रत्येक बेचकी ती आतल्या आत साठवत होती. हवेत चढू दे त्याला अजून, ती काचनळ्या घासताना म्हणे. अजून एक पायरी. जितका वर, तितकं आपटेल.

वन्संना एवढंच ठाऊक होतं, की हिला काहीतरी सापडलंय.

“चेहरा उजळलाय तुझा,” त्या म्हणाल्या. “मला नाही आवडत असला उजेड.”

“वन्सं, तुम्ही माझ्या बाजूच्या की त्याच्या?”

“तुझ्या बाजूची आहे म्हणून विचारते. तो वरून पडेल, ते बरंच आहे. पण पडेल कुणाच्या अंगावर? असली माणसं पडताना खाली कुणालातरी अंथरून घेतात. मागच्या खेपेला तुला अंथरलं.”

 घारबाईच्या सूडात आजवर दोनच माणसं होती. तिसऱ्याला जागा करायची तिची तयारी नव्हती.

आठ महिन्यांनी सभा ठरली. बाहेरून जाणकार येणार, त्यांत एक वृद्ध प्राध्यापक, ज्यांनी उभी हयात या फुटण्याच्या अभ्यासात घालवली होती. डॉक्टर त्यांच्यापुढे बेचक्या मांडणार आणि संचालक त्यांना नव्या प्रयोगशाळेचे प्रमुख नेमणार. सभेला दोन दिवस उरले असताना दुपारी चिमणी घारबाईच्या दारात उभी राहिली. नाक लाल झालेलं.

“ताई, प्राध्यापकांचं पत्र आलंय. पानं कशी तयार करता म्हणून विचारलंय. डॉक्टरांनी मला एका कागदावर सही करायला लावली, की सगळी पानं मीच तयार केली, त्यांची पूर्ण जबाबदारी माझी. आजवर कधी असली सही मागितली नव्हती हो. काही चुकलंय का माझं?”

मशीनवर बसलेल्या वन्संनी पाय थांबवला.  नुसतं भावजयीकडे पाहिलं.

घारबाईला राग आला, आणि कुणाचा ते तिला आधी कळेना. मग कळलं, सगळ्यांचाच. चिमणीचा, की तिनं न वाचता सही केली. वन्संचा, की त्यांचं म्हणणं खरं ठरलं. डॉक्टरांचा तर होताच. आणि स्वतःचा, कारण गेले आठ महिने ती त्याला चढवत होती, तेव्हा शिडी धरून ही पोरगी उभी होती, आणि ते तिला दिसलं नव्हतं. तिला! जिच्या नजरेतून मुंगीचा पाय सुटत नव्हता.

“तुझं काही चुकलेलं नाही,” ती शेवटी म्हणाली. “एक सांग. दगड फोडतेस तेव्हा दुसऱ्या पानाचं काय करतेस?”

“तुम्ही शिकवलंत तेच. जोडीचं पान पाकिटात घालून, तोच नंबर टाकून लोखंडी कपाटात.”

अभ्रकाचं पान फोडलं की त्याची दोन होतात, उघडलेल्या वहीच्या दोन पानांसारखी. एक भट्टीत जाई, दुसरं कपाटात राही. ही शिस्त घारबाईची. डॉक्टरांनी त्या पाकिटांना कधी हात लावला नव्हता.

“सगळी आहेत? एकही टाकलं नाहीस?”

“एकही नाही. तुम्ही ओरडला असतात ना.”

घारबाई हसली. चिमणीला ते हसू पाहून थोडी भीतीच वाटली.

“परवा कपाटाची किल्ली गळ्यात घालून ये,” ती म्हणाली.

सभेच्या दिवशी सकाळी अकराला सभागृह भरलं. घारबाईची नेमणूक चहाचे कप गोळा करायला होती. डॉक्टरांनी पडद्यावर बेचकीचा मोठा फोटो दाखवला. सुंदर होती. नेमका मध्ये ठिपका, दोन तडक रेघा. “जी गोष्ट पूर्वी केवळ मोजणीतल्या दोषामुळे आमच्या नजरेतून निसटली...” ते म्हणाले, आणि भिंतीशी ट्रे धरून उभ्या असलेल्या बाईकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

टाळ्या थांबल्या. प्रश्न कुणाचे आहेत का, असं संचालकांनी विचारलं.

“माझा आहे,” घारबाई म्हणाली.

“बाई, कप घेऊन जा,” डॉक्टर म्हणाले.

“नेते. फोटोतलं हे पान कितव्या नंबरचं?”

“बाई!”

“थांबा,” वृद्ध प्राध्यापक खुर्चीतून वळले. “प्रश्न सोपा आहे. कितव्या नंबरचं?”

डॉक्टरांनी कागद चाळला. “दोनशे चौदा.”

“दोनशे चौदाचं जोडीचं पान कपाटात आहे,” घारबाई म्हणाली. “त्यावर युरेनियम चढवलेलं नाही. ते भट्टीत गेलेलं नाही. त्याच्यावर एकही बेचकी असायचं कारण नाही. ते आम्लात घाला, आणि मग बघा.”

सभागृहात कुजबुज झाली. प्राध्यापकांनी मात्र डोळे मिटले, क्षणभरच. उघडले तेव्हा त्यांना सगळं कळलं होतं, हे तिला दिसलं.

“तुम्ही पानं आधी आम्लात काढून घेत नाही?” त्यांनी डॉक्टरांना विचारलं. “जुन्या रेघांसाठी?”

डॉक्टरांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ते उघडं तोंड घारबाईनं डोळे भरून पाहिलं.

“वीस मिनिटं लागतील,” ती म्हणाली.

“चहाला तेवढी लागतातच,” प्राध्यापक म्हणाले. “चला, मी येतो बरोबर.”

चिमणीनं गळ्यातली किल्ली काढून कपाट उघडलं. पाकीट सर्वांसमोर फोडलं. घारबाईनं हातमोजे चढवले, पान वाटीत सोडलं आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. खोलीत मावतील तेवढी माणसं आत, बाकीची व्हरांड्यात. कुणी चहा प्यालं नाही. डॉक्टर दोनदा म्हणाले, की हा वेळेचा अपव्यय आहे. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

पान धुतलं, सुकवलं, मायक्रोस्कोपखाली ठेवलं. प्राध्यापक वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. “सात,” ते म्हणाले. “अजून कोपरा बघितला नाही. आणि फोटोतल्या ठिपक्याची जोडी इथं जागच्या जागी आहे. ही फूट तुमच्या भट्टीतली नाही, डॉक्टर. आपण कुणी जन्मलो नव्हतो तेव्हाची आहे.”

“पानं या मुलीनं तयार केली,” डॉक्टर लगेच म्हणाले. “तिची सही आहे माझ्याकडे.”

चिमणीच्या तोंडाचा रंग उडाला. घारबाई याच वाक्याची वाट बघत होती.

“तिनं वहीत आहे तसंच केलं. वही कुणाच्या अक्षरात आहे?” तिनं वही टेबलावरून उचलली आणि प्राध्यापकांच्या हातात दिली. “शनिवारचं काम या वहीत नाही. सहा वर्षं ते मी केलं. पहिल्या वर्षी सांगायला आले होते तुम्हाला. तुम्ही फोनवर होतात. मग माझी नजर अधू झाली, आणि शनिवार बंद पडले.”

प्राध्यापकांनी वहीचं पहिलं पान उघडलं.

“आता जरा बघा यात,” ती डॉक्टरांना म्हणाली. “बघा ना. आणि काय दिसतं ते मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे. मला दिसत नाही, तसं कागदावर आहे.”

डॉक्टरांना वाकावं लागलं. भरल्या खोलीसमोर त्यांनी डोळा लावला. “बेचकी,” ते म्हणाले.

“किती?”

त्यांनी मोजल्या. आकडा तोंडातल्या तोंडात सांगितला, म्हणून तिनं त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

नंतर, गर्दी पांगल्यावर, वृद्ध प्राध्यापक तिच्याजवळ आले. “बाई, तुमच्यासारखं शिस्तीचं काम मी कुठं पाहिलं नाही. पण हे तुम्हाला कधी कळलं?”

“आठ महिन्यांपूर्वी.”

“आणि आठ महिने बोलला नाहीत? या एवढ्या कामाची माती होऊ दिलीत?”

चिमणी बाजूला उभी होती. घारबाईला खोटं सांगता आलं असतं. मला कुणी विचारलं नाही, काचा धुणाऱ्या बाईचं कोण ऐकतो, असं काहीही.

“हो,” ती म्हणाली. “मला हे बघायचं होतं.”

प्राध्यापकांनी मान हलवली. होकार की नकार, ते तिला कळलं नाही, आणि तिनं ते कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

डॉक्टरांचा बेचक्यांवरचा शोधनिबंध मागे घेतला गेला. नवी प्रयोगशाळा दुसऱ्याच माणसाकडे गेली आणि पुढच्या वर्षी डॉक्टर ती नोकरी सोडून गेले. चिमणीच्या सहीचा कागद प्राध्यापकांनी आपल्या हातानं फाडला. घारबाईला खुर्ची परत मिळाली, ‘दृष्टिदोष’ हा शब्द लाल शाईनं खोडून संचालकांनी बाजूला सही केली, आणि ‘शनिवार: सहा तास’ ही वहीची पहिली ओळ झाली, तिच्या अक्षरात. एकोणीस हसणाऱ्यांपैकी चौदांनी येऊन अभिनंदन केलं. उरलेल्या पाचांशी ती निवृत्त होईपर्यंत बोलली नाही.

चिमणीशी मात्र तिला बरेच दिवस डोळ्याला डोळा देता आला नाही. एकदा वन्संनीच विषय काढला.

“झालं ना मनासारखं? मग हे तोंड कशाला?”

“तिची सही आधी दिसायला हवी होती मला.”

“दिसेल कशी? रागात माणूस एकाच ठिकाणी बघतं.”

“पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा करीन मी, वन्सं. आठ नाही, सोळा महिने थांबेन. फक्त त्या पोरीला आधी बाजूला घेईन.”

“करशील गं,” वन्सं म्हणाल्या. “म्हणून तर तुझ्याशी भांडत नाही मी.”

डॉक्टर तिला आणखी एकदाच दिसले, अठरा वर्षांनी. बस थांब्यावर, हातात काठी, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी तिला ओळखलं नाही. दुरून बस येत होती. ते डोळे बारीक करून बघत राहिले आणि मग शेजारच्या बाईला, म्हणजे तिलाच, विचारलं, “कितव्या नंबरची आहे हो? मला दिसत नाही.”

तिच्या जिभेवर किती गोष्टी आल्या असतील! अठरा वर्षं पाठ केलेल्या. वाटेल तो आकडा सांगून त्यांना शहराच्या भलत्या टोकाला पाठवणं तर अगदीच सोपं होतं. पण जे दिसलं त्याविषयी ती आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती, आणि या माणसासाठी ती सवय मोडायची तिची तयारी नव्हती.

“सत्तेचाळीस,” ती म्हणाली.

“उपकार झाले,” ते म्हणाले आणि चढले. तिनं हाताला धरून त्यांना चढवलं नाही, आणि ओळखही दिली नाही.

आता ती सत्तरीला आली आहे. त्याच दोन खोल्यांत राहते. नवरा निवृत्त आहे, मुलगी परगावी आहे, आणि नव्वदीच्या वन्सं अजून मशीनवर बसतात. त्यांच्या सुईत दोरा तीच ओवून देते.